एकतीस जून

१

आमच्या सोसायटीचं नाव करंज हाइट्स. या जागेवर एक मोठा करंज होता. बिल्डरने तो तोडला आणि कमानीवर त्याचं नाव लावलं. धायरीत ही पद्धतच आहे. आंबा तोडला की आम्रकुंज, विहीर बुजवली की जलविहार. मी इथे पहिल्या मजल्यावर अम्मीला घेऊन राहतो आणि घरात बसून दोन-तीन कंपन्यांचे संगणक सांभाळतो. सोसायटीचा संगणकही माझ्याच गळ्यात पडलेला आहे, अर्थात फुकट. आपल्याला यातलं कळतं असं एकदा कबूल केलं की माणूस जन्माचा अडकतो.

खाली लॉबीला काचेचं दार आहे आणि त्या दाराला चेहरा ओळखणारं मशीन आहे, बाहेरून एक आणि आतून एक. चेहरा ओळखला की ते बायकी आवाजात बोलतं. येताना "स्वागत आहे" आणि नाव, जाताना "पुन्हा या" आणि नाव. हा आवाज मराठीत असावा यासाठी एक अख्खी सभा खर्ची पडली होती. आतून मशीन लावायची सूचना मात्र माझी. अम्मीचं डोकं हल्ली मागे मागे जातं. मंडईत आमचा केळ्यांचा गाळा होता. अब्बांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण दुपार झाली की अम्मी डबा भरते आणि गाळ्यावर द्यायला निघते. एकदा ती सिंहगड रोडवर, भर ट्रॅफिकमध्ये, स्टीलचा डबा छातीशी धरून उभी असलेली सापडली. तेव्हा मी असा हादरलो की घरी आल्या आल्या यादीतून तिची नोंदच काढून टाकली. आता ती दारापाशी गेली की मशीन म्हणतं, "नोंद सापडली नाही." ती थोडी थांबते, दोनदा डबा काचेवर वाजवते आणि परत वर येते. रखवालदारालाही मी सांगून ठेवलंय.

नोंद होती तेव्हा मजा यायची. मशीनसमोर अम्मी फोटोला उभं राहिल्यासारखी डोळे मिटून घ्यायची, आणि मशीन अदबीने सांगायचं, "कृपया डोळे उघडा." त्यावर अम्मी म्हणायची, "पहले तू दरवाजा खोल."

२

हेमाताई आमच्या सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेल्या. फोन उचलल्यावर "हॅलो" म्हणायची उसंत त्या देत नाहीत.

"हमीदभाई, तो सदस्यांचा प्रोग्रॅम उघडतो आणि लगेच मान टाकतो. आपण येताय, की मी त्याचं तेरावं उरकून घेऊ?"

सोसायटीचं ऑफिस लॉबीला लागूनच, जिन्याखाली आहे. आत एक टेबल, एक संगणक आणि गणपतीच्या मांडवाचे गुंडाळलेले पडदे. सदस्यांची नावं, फोटो आणि जन्मतारखा ठेवणारा तो छोटा प्रोग्रॅम मी सुरू केला. खिडकी उघडली, अर्धी यादी दिसली, आणि सगळं गडप. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आदल्याच आठवड्यात कंपनीने नवी आवृत्ती पाठवली होती, म्हणजे निम्मं उत्तर तिथेच होतं. प्रोग्रॅम पडताना संगणक कुठेतरी कारण लिहून ठेवतो. ते काढून वाचलं. अवैध तारीख, एवढंच लिहिलं होतं.

कोणाची ते लिहिलं नव्हतं. मग मी आमच्या धंद्यातला जुनाच उपाय केला. यादीची प्रत काढली, अर्धी नावं उडवली, प्रोग्रॅम चालवून पाहिला. पडला तर दोष उरलेल्या अर्ध्यात, चालला तर उडवलेल्या अर्ध्यात. पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी. तांदळातला खडा शोधावा तसं हे काम आहे, कंटाळवाणं पण हमखास. शेवटी एकच नाव उरलं.

सरुबाई. फ्लॅट आमच्या समोरचा. जन्मतारीख एकतीस जून.

मी हसलो. जूनला एकतीस कुठून येणार? जुन्या आवृत्तीने डोळे झाकून ती घेतली होती, नवीन आवृत्ती तिथे ठेचकाळत होती. अशी तारीख पडते कशी, हेही मला ठाऊक होतं. आपल्याकडे त्या पिढीच्या निम्म्या माणसांची जन्मतारीख एक जून असते. शाळेत नाव घालताना कोणाला तारीख माहीत नसायची आणि मास्तर एक जून ठोकून द्यायचे. माझ्या अम्मीचीही एक जूनच. टाइप करताना कोणाचं तरी बोट घसरलं असणार.

फोटोच्या चौकटीत मात्र काही नीट दिसत नव्हतं. काळोख होता, आणि खालच्या कडेला लुगड्याच्या काठाची पट्टी. चेहरा नसलेला फोटो या मशीनने मुळात घेतलाच कसा, हा प्रश्न मला पडला. पण काम उरकायचं होतं.

३

मी एकतीसचं एक केलं आणि बटण दाबलं. प्रोग्रॅम सुरळीत उघडला.

"झालं?" हेमाताई दारातून म्हणाल्या.

"झालं. एका म्हाताऱ्या बाईंच्या वाढदिवसाने सगळं अडवलं होतं."

त्याच वेळी बाहेर लॉबीत मशीन बोललं. "स्वागत आहे, सरुबाई."

टक् असा कुलूप सुटल्याचा आवाज आला. काचेचं दार पुरतं उघडलं, तसंच थोडा वेळ थांबलं आणि सावकाश मिटलं. आम्ही दोघंही बघत होतो. दारात कोणीही नव्हतं. बाहेर उन्हात रखवालदाराची रिकामी खुर्ची दिसत होती.

"आता हे काय?" हेमाताईंनी विचारलं.

"जुना राहिलेला निरोप असेल. यादी दुरुस्त झाली की मशीन मागचं सगळं एकदम वाचून टाकतं." मी हे अगदी सहज म्हणालो, आणि ते खोटंही नव्हतं. असं होतं कधीकधी. पण राहिलेल्या निरोपासाठी दार इतका वेळ उघडं राहत नाही. कॅमेऱ्यासमोर चेहरा असेपर्यंतच ते उघडं राहतं.

"सरुबाई म्हणजे मच्छिंद्रची आई ना?" हेमाताई म्हणाल्या. "ही जमीन त्यांचीच होती. पण त्या..." त्यांचा चेहरा उतरला होता.

४

वर आलो तर अम्मी खुशीत होती. टेबलावर चहाच्या दोन बशा होत्या. अम्मी चहा बशीतूनच पिते. दोन्ही बशा ओल्या होत्या.

"अम्मी, कौन आया था?"

"वो सामनेवाली. पानी मांगी. मैं बोली, चाय ले."

समोरच्या फ्लॅटला ताबा मिळाल्यापासून कुलूप आहे. मी बाहेर जाऊन पाहिलं, कुलूप जागेवरच होतं, कडीवर धूळ होती. अम्मीने स्वतःच दोन बशा भरल्या असतील असं मी मनाला समजावलं. अब्बांसाठीही ती कधीकधी ताट वाढते. हे पटण्यासारखं होतं आणि मी ते पटवून घेतलं.

मग त्या बंद दाराआडून आवाज आला.

ओला तळवा गुळगुळीत फरशीवर दाबून फिरवावा तसा तो आवाज होता. एक अर्धवर्तुळ, थोडं थांबणं, दुसरं अर्धवर्तुळ. फरशी पुसण्याचा आवाज असा येत नाही, पुसताना हात पुढे-मागे जातो. हा हात गोल फिरत होता, शांतपणे, आतल्या भिंतीपासून दाराकडे सरकत. जमीन सारवताना बायका असाच हात फिरवतात. आत शेणामातीची जमीन नव्हती, चकचकीत टाइल होत्या, आणि तळवा त्यांच्यावर करकरत होता.

दाराच्या अगदी मागे येऊन तो थांबला. सारवणारी बाई उंबऱ्यापाशी आल्यावर थांबते, तसा. मी उलट्या पावली घरात शिरलो आणि कडी लावली. आतमध्ये अम्मी दोन्ही बशा धूत होती आणि गुणगुणत होती.

५

मच्छिंद्र गावठाणात राहतो, टँकरचा धंदा करतो. जमीन गेल्यावर गळ्यात सोनं आलं, पण माणूस बिघडलेला नाही. मी फोन करून समोरच्या फ्लॅटमध्ये कोणी राहायला आलंय का असं विचारलं.

"कोण येतंय? चावी माझ्याजवळ हाय. का वो?"

"तुमच्या आईंच्या नावाने दार उघडतंय. त्या कुठे असतात हल्ली?"

पलीकडे टँकरचा मोटार-पंप चालू होता. तो बंद झाल्यावर मच्छिंद्र बोलला.

"आई गेली वो, हमीदभाई. बिल्डिंगचा पाया खांदत व्हते तवाच गेली. करंजाखाली आमचं घर व्हतं, ते पाडलं त्या पावसाळ्यात."

मला धक्काच बसला. मशीन बसलं गेल्या दिवाळीत. म्हणजे ती बाई गेल्यावर कितीतरी काळाने.

"मग मशीनमध्ये त्यांचा फोटो कोणी दिला?"

"फोटो कुणीच न्हाई दिला. नुसतं नाव दिलं. आई म्हनायची, घर झालं की माझं नाव लावा, मी येते ऱ्हायाला. फ्लॅट तिच्या नावावर घ्येतलाय, तर नाव नको का लावाया? म्हनून नाव लावलं. आन तारीख एकतीस टाकली."

"ती चूक मी दुरुस्त केली. एक जून केली."

मला वाटलं फोन तुटला.

"चूक नव्हती ती," तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की मला फोन कानात दाबावा लागला. "मी मुद्दाम टाकली व्हती. नाव ऱ्हावं, पर चालू नये. कशापायी हात लावला वो तुमी?"

शिकलेला माणूस म्हणून मला हसू यायला हवं होतं. हसू आलं नाही. मी त्याला येऊन फ्लॅट उघडायला सांगितलं. "नगं," म्हणून त्याने फोन ठेवून दिला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसात जाऊन बसलो. भूतबीत काही नाही, एक नोंद बिघडली आहे आणि ती काढून टाकायची आहे, असं मी स्वतःला बजावत होतो. उन्हाने लॉबी पांढरी फटक पडली होती. रखवालदार मागे पंपाच्या खोलीत जेवायला गेला होता.

आधी तारीख पुन्हा एकतीस करून पाहिली. नवी आवृत्ती ऐकेना. जून महिन्यात ही तारीख नाही, असं तिने लाल अक्षरांत सांगितलं. मग सरुबाईंची नोंदच काढायला गेलो, तर पडद्यावर एक ओळ आली. सदस्य सध्या इमारतीत आहे. बाहेर गेल्याची नोंद झाल्याशिवाय नाव काढता येणार नाही.

अशी अट प्रोग्रॅममध्ये असणं यात विशेष काही नाही, मीही ती घातली असती. पण माझ्या डोक्यावर, जिन्याच्या वर, पहिला मजला होता, आणि तिथे अम्मी एकटी होती.

मी उठणार एवढ्यात लॉबीतून आवाज आला. "पुन्हा या, सरुबाई."

टक्. पडद्यावर तिच्या नावापुढचा शब्द बदलला. बाहेर.

आता नाव काढता येत होतं. मी झडप घालून बटण दाबलं. प्रोग्रॅमने सेक्रेटरींच्या मोबाइलवर पाठवलेला आकडा मागितला. तेवढ्यात ऑफिसच्या उघड्या दारातून मला काचेपलीकडे दिसलं. उतारावरून अम्मी चालली होती. डोक्यावर पदर, हातात डबा, झपाझप. त्या दारातून, त्या नावाच्या मागोमाग, तीही निसटली होती.

हेमाताईंना फोन लावायचा की अम्मीमागे धावायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी धावलो. मशीन मला म्हणालं, "पुन्हा या, हमीद."

कमानीबाहेर मच्छिंद्रचाच एक टँकर मागे मागे येत होता, त्याची शिट्टी वाजत होती, धुळीत काही दिसत नव्हतं. मी "अम्मी, अम्मी" करत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे करंज होता म्हणतात तिथे, ती भिंतीकडे तोंड करून उकिडवी बसलेली दिसली. पदर कपाळाखाली ओढलेला होता. माझा जीव भांड्यात पडला.

मी वाकून तिचा हात धरला. ती लगेच उठली. एरवी उठताना "या अल्लाह" म्हणते, आज काही म्हणाली नाही. रागावली असेल. डबाही तिच्या हातात नव्हता, वाटेत पडला असेल. टँकरकडे एक डोळा ठेवून मी तिला ओढतच निघालो आणि भीतीचा सगळा राग तिच्यावर काढला. "कुछ हो जाता तो? मंडई में कोई नहीं अपना अब, कितनी बार बोलूं?" ती मुकाट्याने मागे येत होती. तिचा हात खरखरीत आणि ओलसर लागत होता.

७

दारापाशी मी घाम पुसत असताना तिने मशीनकडे तोंड वर केलं.

"स्वागत आहे, सरुबाई."

मी दचकलो, आणि मग मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसलो. असं होतं तर! ते मठ्ठ मशीन अम्मीलाच सरुबाई समजत होतं. अम्मीची नोंद मी काढलेली, सरुबाईच्या नोंदीत चेहरा नाही, दोघींची तारीख आता एकच. दोन म्हाताऱ्यांची गल्लत झाली होती, बस. बशा, आवाज, मच्छिंद्रची बडबड, सगळं त्या एका चुकीवर बसवता येत होतं. आम्ही आत आलो. दार मागे मिटलं. गार लॉबीत मी तिचा हात धरून उभा होतो आणि आज अम्मीची नोंद परत चालू करायची, तिला असं कोंडून ठेवायचं नाही, असं ठरवत होतो.

मागे, दाराबाहेर, मशीन बोललं. "नोंद सापडली नाही."

कोणीतरी आलं असेल. कुरिअरवाला असेल.

"नोंद सापडली नाही."

मग काचेवर ठक् ठक् असं वाजलं. स्टीलचा डबा काचेवर वाजवला की वाजतं तसं.

"हमीद," बाहेरून आवाज आला. "दरवाजा खोल रे. धूप लग रही मेरे कू."

तो आवाज मी जन्मल्यापासून ऐकतो आहे. तो ओळखायला मला कोणतं मशीन लागत नाही.

माझ्या हातातला हात घट्ट झाला. मान न हलवता मी फक्त खाली पाहिलं. मनगटावर हिरवं गोंदण होतं, जुनं, कातडीत पसरलेलं. अम्मीच्या अंगावर गोंदण नाही. बोटांच्या पेरांत ओली माती भरली होती.

"वर चल की," माझ्या शेजारून कोणीतरी म्हणालं, अगदी मायेने. "आजून उंबरा सारवायचा हाय."

बाहेर डबा वाजत होता. आज ती वाजवून परत वर जाऊ शकत नव्हती. थोडा वेळ उभी राहील, आणि मग मंडईच्या वाटेला लागेल, टँकरच्या धुळीतून, एकटी. दार माझ्या चेहऱ्याने उघडणार होतं. आतलं मशीन हातभर अंतरावर होतं. पण त्याच्या छोट्या पडद्यावर समोरचा प्रत्येक चेहरा दिसतो, हिरव्या चौकोनात. माझा दिसला असता आणि माझ्या शेजारचाही.

हात सुटेना. मी त्या हातासकट मशीनसमोर सरकलो, डोळे गच्च मिटले आणि तोंड वर केलं.

काहीच झालं नाही. मग ते नेहमीच्या अदबीने म्हणालं, "कृपया डोळे उघडा."

बाहेर डबा वाजायचा थांबला. अम्मीच्या चपला फरफटत उताराकडे वळल्याचं मला ऐकू आलं.

मी डोळे उघडले.

पडद्यावर दोन चौकोन होते. एकाखाली माझं नाव होतं. दुसरा इतका जवळ होता की दोन्हींची मधली रेघ एकच झाली होती, आणि त्यातला चेहरा मशीनकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"पुन्हा या, हमीद," मशीन म्हणालं, आणि दार उघडलं.